रकाना सातवा

निबंधकाच्या फॉर्मचे सहा रकाने मी भरले.
नाव : स्कॉटिश तत्त्वज्ञान अभ्यास केंद्र, म्हापसा.
स्थापना : जून चौऱ्याहत्तर.
जंगम मालमत्ता : कपाटं चार, वाळवीसह.
टंकयंत्र एक, त्यातला ‘ळ’ तुटलेला
(बुलेटिनातला प्रत्येक काळ, प्रत्येक वेळ
मी शाईनं पुरी केली आहे).
बिलियर्डचं टेबल एक. चेंडू दोन.

सातव्यात छापलंय : बंद पडण्याचे कारण.

तिथं पेन थांबलं.
एकतीस वर्षं या खोलीत माणसं
त्या एका शब्दावरूनच तर भांडली.

डॉक्टर एवारिस्तो फुर्तादो आबर्डीनहून परतले
ते एक लोकरी कोट आणि एक शंका घेऊन.
कोटाला पहिल्याच वर्षी बुरशी आली.
मोडलेल्या क्लबाची माडीवरची खोली स्वस्तात मिळाली,
खाली चोरिसांच्या माळा, सुक्या बांगड्याचा वास;
टेबल जिन्यातून उतरेना, म्हणून राहिलं.
सरांनी त्याचाच फळा केला.
पांढरा चेंडू लालवर. टक्.
‘काय दिसलं?’
‘पांढऱ्यानं लालला ढकललं, सर.’
‘ढकलणं दिसलं?
की आधी हा हलला, मग तो?’

शनिवारी फोंड्याच्या बसनं खांडेपारकर शास्त्री येत,
धापा टाकत जिना चढत, वर येताच सुरू :
डोंगरावर धूर दिसला की तिथं आग,
हे आम्ही तुमच्या स्कॉटांना चुली माहीत नव्हत्या तेव्हापासून जाणतो.
सर म्हणत, जाणता, की सवय आहे?
शास्त्री चहा न घेता निघून जात.
पुढच्या शनिवारी पुन्हा येत.
असं बावीस वर्षं.
शास्त्री वारले त्याच्या पुढच्या शनिवारी
सरांनी दोन कप सांगितले. मी काही बोलले नाही.

मग स्कॉटलंडातलीच दुसरी मंडळी वाचायला घेतली,
या शंकेवर वैतागलेली, जमिनीवर पाय असलेली.
त्यांचा मुख्य शब्द मराठीत बसेना.
‘सामान्य बुद्धी’वर शास्त्री हसले होते,
‘व्यवहारज्ञाना’ला तराजूचा वास येत होता.
शेवटी सर खाली उतरले, आंतोनेतला विचारलं,
उद्या सूर्य उगवेल, हे कशावरून?
तिनं चोरिसांची माळ खुंटीला अडकवली :
‘पात्रांव, फाल्यां शुक्रार.
सूर्य उदेना जाल्यार बाजार कोण भरयतलो?’
त्या अंकात तो शब्द मी कोराच सोडला.
वाचकांची दोन पत्रं आली. दोन्ही छपाईची चूक कळवणारी.

भाषेच्या आंदोलनात एक दगड आत आला.
मराठीवाल्यांचा की कोंकणीवाल्यांचा, कळायला मार्ग नव्हता,
आत बोलणं तर तिन्ही भाषांत चाललं होतं.
तक्रारीत मी लिहिलं : काच फुटली, दगड आढळला.
फौजदार म्हणाला, बाई, दगडानं काच फुटली असं लिहा.
सर कोपऱ्यातून म्हणाले, नको.

नंतर मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढू लागली.
ग्रेशियसनं स्विंडनहून कार्ड पाठवलं,
गोदामात रात्रपाळी, पगार बरा,
‘इथून स्कॉटलंड गाडीनं आठ तास. अजून गेलो नाही.
सरांना सांगू नका.’
सांगायला सर नव्हते.

तर लिहिते :
आधी सर गेले. मग अनुदान.
मग ग्रेशियसचं कार्ड.
की कार्ड आधी होतं, अनुदानाच्या?
जागा तीन ओळींची. अक्षर बारीक करते.

मधेच उठून पांढरा चेंडू बोटानं सोडला,
हिरवं कापड फाटलंय तिथं तो अडखळला,
वळला,
लालपाशी पोचण्याआधीच थांबला.

खाली आंतोनेतची लेक
बाजाराचे बांबू ओढून रस्त्याकडेला लावतेय.
आज गुरुवार.